दुसरी चावी

उस्तादांच्या गालात एक अख्खी सुपारी असायची आणि ती त्यांनी कधीच खाल्ली नाही. पटांगणात कुणाच्या गाडीचं इंजिन सुरू झालं की सुपारी गालात जायची. इंजिन बंद झालं की बाहेर यायची, रुमालात पुसली जायची आणि जर्सीच्या खिशात पडायची. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला व्यसन आहे. पहिल्या दिवशी मलाही सांगावंसं वाटलं होतं, की खायची तर फोडून खा, अशी मिरवता कशाला. बोललो नाही ते बरं झालं.

फौजेत जो शिकवतो तो उस्ताद. त्यांचं खरं नाव आम्ही कुणी घेतलं नाही आणि मी इथंही घेणार नाही. मूळचे उदगीरचे. घर व्यापाऱ्यांचं, शिवभक्तांचं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. अशा घरातला पोरगा तराजू सोडून बंदूक धरायला जातो म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड असणार, असं त्यांचा थोरला भाऊ चारचौघांत सांगायचा. फौजेत त्यांनी आधी मोटरसायकलवरून डाक पोचवली, मग रंगरुटांना कवायत शिकवली. त्यांनी 'थम' म्हटलं की शेजारच्या मैदानावरची तुकडीसुद्धा थांबायची म्हणे. मी त्यांना पाहिलं तेव्हा मात्र ते घरात कुणीतरी आजारी झोपल्यासारखे हळू बोलायचे.

निवृत्त होऊन ते लातुरात आले. शहराबाहेर, नांदेड रस्त्याला, थोरल्या भावाची एक बंद पडलेली डाळ मिल होती. तिच्यापुढं तूर वाळवायचं सिमेंटचं भलंमोठं पटांगण. तिथं ते रजेवर आलेल्या फौजींना गाडी चालवायला शिकवत. साधी गाडी नाही, स्पोर्ट बाइक. जी घ्यायला कुणी शिकवावं लागत नाही आणि जी चालवायला आपल्याला शिकायची गरज आहे असं एकाही फौजीला वाटत नाही, ती.

मलाही वाटत नव्हतं. मी तेव्हा पलटणीत नायक होतो, बाहीवर दोन फिती. तीस दिवसांची रजा घेऊन आलो होतो आणि आल्याच्या चौथ्या दिवशी गाडी दारात उभी केली होती. आमच्या लोह्याकडच्या गावात ती बघायला लोक आले. पुढं वाकून, टाकीवर पोट टेकून, कोपरं बाहेर काढून मी गावातून एक चक्कर मारली. बायको दारात उभी होती. म्हणाली, "रस्त्यावर काय पडलंय का तुमचं? हुडकून राहिल्यासारखे दिसता."

बायको लातूरला सरकारी दवाखान्यात नर्स. भाड्याची खोली तिथंच. फौजी नवऱ्याची बायको एकटी राहून जेवढी कडक होते तेवढी ती झालेली आहे. त्या दिवशी तिनं जेवणं होऊ दिली, मग गाडीच्या दोन्ही चाव्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "शिकून घेणार असाल तर चालवा. नाहीतर उद्या परत करून या."

"कुणाकडं शिकू?"

तिनं उस्तादांचं नाव घेतलं. मी तिच्याकडं बघतच राहिलो.

कारण त्याच माणसाच्या पटांगणात, चार वर्षांपूर्वी, तिचा धाकटा भाऊ गेला होता. तोही फौजी, तोही रजेवर आलेला, त्याचीही नवी गाडी. पटांगणाच्या टोकाला जुन्या वजनकाट्याजवळ वळण आहे. गाडी वळणात कललेली असताना मध्ये एक कुत्रं आलं. लांबून उस्तादांनी बघितलं आणि वीस वर्षं मैदानावर ज्या आवाजात ओरडले त्याच आवाजात ओरडले, "थम!" दुसरा कुणी असता तर घाबरला असता, बघितलं असतं, काहीतरी केलं असतं. पण पोरगा फौजी होता. हुकूम कानावर पडला आणि डोक्याला कळायच्या आत हाताची मूठ आवळली. कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक असा आवळला की पुढचं चाक जागेवर राहत नाही. गाडी एकीकडं गेली, तो वजनकाट्याच्या सिमेंटच्या कडेवर गेला. डोक्यात हेल्मेट होतं. मान मोडली. त्याला बायकोच्याच दवाखान्यात आणला आणि ती ड्यूटीवर होती.

"त्याच माणसाकडं?" मी विचारलं.

"त्याच. तो आता कुणावर वरडत न्हाई, असं ऐकलंय मी." मग ओट्यावरच्या चाव्या माझ्याकडं सरकवत, "तुम्ही कोण, ते मात्र सांगू नका."

खरं सांगायचं तर माझ्या मनात काळंबेरं होतं. मेव्हण्याच्या मयतीला उस्ताद आले होते. सासऱ्यांनी त्यांना दारात येऊ दिलं नाही. हा माणूस दिवसभर गल्लीच्या तोंडाशी उन्हात उभा राहिला आणि माणसं पांगल्यावर निघून गेला. मी तेव्हा ड्यूटीवर होतो, रजा मिळाली नव्हती. एकदा समोरासमोर बघायचा होता मला तो माणूस. शिकायला जातो असं बायकोला सांगितलं आणि भांडायच्या तयारीनं गेलो.

पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही चाव्या मागून घेतल्या. एक गाडीला ठेवली आणि दुसरी भिंतीवरच्या फळीला, खिळ्यावर अडकवली. ही त्यांची पद्धत. नव्या गाडीबरोबर दोन चाव्या येतात. दुसरी चावी शिकणं संपेपर्यंत खिळ्यावर राहायची. शेवटच्या दिवशी घरचं एक माणूस मागच्या सीटवर बसवून दहा फेऱ्या मारायच्या. मग उस्ताद ती चावी खिळ्यावरून काढून त्या माणसाच्या हातात द्यायचे. जवानाच्या नाही. आई असेल तर आईच्या, बायको असेल तर बायकोच्या. म्हणायचे, "ही तुमची. हा नीट वागला न्हाई, तर पहिली बी काढून घ्या अन् मला सांगा."

फळीवर आम्हा चौघांच्या चार चाव्या होत्या. आणि शेवटच्या खिळ्यावर एक पाचवी, जिच्यावर धूळ बसलेली होती. ती कुणाची, असं एकानं विचारलं. उस्तादांनी ऐकलंच नाही. मी विचारलं नाही, कारण चावीला अडकवलेला निळा गोंडा मी ओळखला होता. तो माझ्या बायकोनं विणलेला होता.

घरी गेल्यावर तिला हे सांगायचं धाडस मला झालं नाही. शत्रूसमोर उभा राहिलेला माणूस मी, पण त्या गोंड्याबद्दल बायकोला सांगता येईना.

पहिले तीन दिवस इंजिन सुरूच करायचं नाही. गाडी ढकलायची. उन्हात, सिमेंटवर, जाकीट-हातमोजे-हेल्मेट घालून. मग ती आडवी पाडायची आणि एकट्यानं उचलायची. "चालवता तर सगळ्यालाच येते, साहेब," उस्ताद म्हणायचे, "हिचं वजन किती हाय ते अगोदर पाठीला कळू द्या." आम्हाला ते साहेब म्हणायचे. शिपायाला साहेब, नायकाला साहेब. फौजेतल्या माणसाला हे किती चमत्कारिक वाटतं ते फौजेतल्यालाच कळेल. हुकूम असा नाहीच. "जरा वळवता का", "जमलं तर हळू घ्या". सावधान नाही, बूट आपटणं नाही. एकानं सवयीनं टाच जुळवली तर म्हणाले, "इथं आरामात उभं ऱ्हायचं. सावधानात बसलेला मानूस गाडीवर लाकूड होतो अन् लाकूड वळत न्हाई."

इंजिन सुरू झाल्यावर त्यांचं तोंड बंद आणि आमचं उघडं. चालवताना जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, अशी शिस्त. डावीकडं पोती, समोर भुसा, उजवीकडं जागा. पटांगणात ते मुद्दाम तुरीचा भुसा पसरून ठेवायचे, तिथं चाक कसं सरकतं ते अंगाला कळावं म्हणून. आणि एक शब्द सगळ्यात जास्त वेळा बोलायचा: जागा. आडवं काय आलंय ते बघायचं नाही, जागा कुठं आहे ते बघायचं. "डोळा कुत्र्यावर गेला की गाडी कुत्र्यावर जाती. डोळा जागेवर, तर गाडी जागेवर. हे येवढंच हाय, साहेब. बाकी सगळं याचंच पाल्हाळ."

कुत्र्याचं उदाहरण ते देत तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं बघायचो. चेहरा हलायचा नाही. रोज सकाळी आम्ही यायच्या आत ते वजनकाट्याजवळ गेलेले असायचे. तिथं सिमेंटच्या कडेला भुसा भरलेली पोती रचलेली होती, छातीइतकी. ती एकेक काढून, झटकून, पुन्हा रचायचे. पाऊस लागून पोती कडक झाली तर उपयोगाची नाहीत, म्हणून. आम्ही मदतीला गेलो तर हातानं खूण करून परत पाठवायचे. ते स्वतः सायकलवर यायचे. त्यांना गाडी चालवताना मी एकदाही बघितलं नाही.

भांडायचं राहून गेलं. रोज ठरवायचो आणि रोज राहून जायचं.

सहाव्या दिवसाची गोष्ट. आमच्यात तोफखान्यातला एक गडी होता, अहमदपूरकडचा, लई बोलका. मी सरळ रेषेत चाललो होतो, फार वेगात नाही. तो कडेला बसलेला. त्याला काय हुक्की आली कोण जाणे, तो खच्चून ओरडला, "थम!"

मी सिमेंटवर होतो. कसा पडलो ते मला आजही सांगता येत नाही. थांबावं असं मला वाटलंच नव्हतं. मी काही बघितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. हात परस्पर आवळला. हात माझा नव्हता, पलटणीचा होता. गुडघा फुटला, जाकिटाची बाही घासली, बाकी काही नाही. मेव्हण्याला त्या वेळी काय झालं असेल ते मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं.

तोफखान्यातला गडी हसत होता. उस्ताद फळीजवळ गेले. त्यांनी त्याची चावी खिळ्यावरून काढली, चालत आले आणि त्याच्या हातात ठेवली. मग फाटकाकडं बोट केलं. तो म्हणाला, "उस्ताद, मजाक केली हो." उस्तादांचं बोट तसंच राहिलं. गडी गाडी ढकलत फाटकाबाहेर गेला आणि नंतर आला नाही.

उस्ताद माझ्याजवळ येऊन बसले. सुपारी काढायला त्यांनी वेळ घेतला.

"लागलं?"

"न्हाई."

"हात कुनाचा होता?"

मी हातमोजा काढला.

"सगळ्याचाच हाय त्यो," ते म्हणाले. "आमीच केला तसा. वीस वर्सं मी पोरांचे हात घडवले, का हुकूम ऐकला की इच्यार करायचा न्हाई. तिकडं ते बराबर हाय, तिकडं त्यानंच जीव वाचतो. हिकडं..." सुपारी तळहातावर घेऊन बघत राहिले. "म्हनून ही ठेवतो. मपल्या तोंडाचा मला भरवसा न्हाई."

त्या दिवशी मी भांडायचं सोडून दिलं. राग गेला असं नाही. राग होताच, पण तो कुठं ठेवावा ते कळेना. आणि एक भीती नव्यानं बसली. अजून नऊ दिवस होते, मग शेवटच्या फेऱ्या, आणि मागच्या सीटवर माझी बायको असणार होती. तेव्हा कुणी ओरडलं तर? माझा हात अजून तोच होता. रात्री जेवताना मी उजवा हात असा बघायचो, जसं काही तो दुसऱ्याचा माझ्या ताटात आलाय. बायकोनं गुडघ्याला पट्टी करताना विचारलं, कसे पडलात. मी म्हणालो, भुसा होता.

अकराव्या दिवशी उस्ताद माझ्या मागं बसून रस्त्यावर आले. स्पोर्ट बाइकची मागची सीट म्हणजे पाट असतो, तोही उंचावर. त्यावर पायजमा घातलेला, हेल्मेटाखालून भस्म दिसणारा म्हातारा बसला की लोक वळून बघतात. नांदेड रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, मध्येच एसटी, क्लासला निघालेल्या पोरींच्या स्कूट्या. मी बोलत होतो. "पुढं ट्रॉली, दोर सुटलेला, ऊस खाली आलाय, उजवीकडं जागा न्हाई, थांबून राहिलो, आता जागा." उस्तादांनी हलक्या हातानं खांद्यावर थोपटलं की समजायचं, सावकाश. तीच त्यांची एकमेव सूचना. इंजिन बंद असताना हेच ते "निधान, निधान" असं म्हणायचे. उदगीरकडची कानडी, निधान म्हणजे सावकाश. एका वळणावर समोरून जीप आमच्या बाजूला घुसली. खांद्यावरचा हात घट्ट झाला, इतका की नखं रुतली. पण आवाज आला नाही. मी जागा बघितली आणि निघालो. परत आल्यावर ते खाली उतरले आणि भिंतीला धरून उभे राहिले.

"चांगलं केलं," म्हणाले.

"तुम्हाला भीती वाटली का, उस्ताद?"

"तुमची न्हाई, साहेब. मपलीच वाटती."

थोरल्या भावाबद्दल सांगायचं राहिलं. तो रोज एकदा स्कूटरवर यायचा. पटांगण विकायचं होतं त्याला, गिऱ्हाईक तयार होतं, आणि धाकटा जागा सोडत नव्हता. उस्तादांनी त्याला शंभरदा सांगितलं असेल, दादा, फाटकात उतरा, पायी या, आत गाड्या असतात. दादांचं उत्तर ठरलेलं: "मपल्या जागेत मी पायी येऊ? कामून?" आणि स्कूटर तशीच आत घालायचा, इकडं तिकडं न बघता, पटांगणाच्या बरोब्बर मधून. पिढ्यान्‌पिढ्यांची मालकी होती त्या चालवण्यात. आम्ही त्याला बघून आधीच कडेला व्हायचो.

शेवटच्या दिवशी बायको दवाखान्यातून रजा टाकून आली. रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या हातात हेल्मेट होतं, नवं, तिनं स्वतः जाऊन आणलेलं. मी फाटकाजवळ उभा होतो. तिनं एकदा सबंध पटांगणावरून नजर फिरवली. वजनकाट्याजवळच्या पोत्यांवर ती थांबली. तिथं ती चार वर्षांत आली नव्हती. सासरे तर त्या रस्त्यानं एसटीनंसुद्धा जायचे नाहीत, अहमदपूरला उतरून दुसरी गाडी पकडायचे.

उस्ताद फळीजवळ होते. त्यांनी वळून बघितलं आणि ओळखलं. मला ते लगेच कळलं. गल्लीच्या तोंडाशी उन्हात उभं राहून दिवसभर ज्या दाराकडं बघितलं, त्या दारात तीच उभी होती ना. त्यांनी माझ्याकडं बघितलं, परत तिच्याकडं. पंधरा दिवस मी काय लपवत होतो ते त्यांना त्या क्षणी समजलं.

"घरात दुसरं कोनी न्हाई का?" त्यांनी मला विचारलं.

"मीच हाय," बायको म्हणाली.

"माय, दुसऱ्या कुनाला..."

"मीच बसनार हाय, उस्ताद. दहा फेऱ्या असतात ना? मला माहीत हाय."

तिला कसं माहीत, असं मला वाटून गेलं. मी तिला मागं बसायचं सांगितलं होतं, फेऱ्यांचा आकडा सांगितला नव्हता. पण विचारायची ती वेळ नव्हती. उस्तादांनी खिशातून सुपारी काढली. ती गालात घातली आणि पोत्यांकडं चालत गेले.

पहिल्या सहा फेऱ्या मी बोलत राहिलो. डावीकडं भिंत, समोर भुसा, पोती, वळण, जागा. बायकोचे हात माझ्या कमरेला होते आणि वजनकाट्याचं वळण आलं की ते घट्ट व्हायचे. प्रत्येक फेरीत. उस्ताद पोत्यांशेजारी उभे होते, आमच्याकडं तोंड करून, दोन्ही हात मागं बांधून.

सातव्या फेरीला मी वळणात शिरलो, गाडी कललेली, आणि फाटकातून दादांची स्कूटर आत आली. सरळ मधून. त्यांनी आम्हाला बघितलं, गडबडले, आणि जिथं थांबू नये तिथं थांबले. वळणाच्या तोंडात, आडवे. आणि सगळं घराणं गल्ल्यावर बसून ज्या आवाजात हमालांना हाका मारत आलं त्या आवाजात ओरडले, "अरे थांब! थांब! थाम!"

माझी बोटं ब्रेकवर गेली. मी खोटं सांगत नाही, गेली. लिव्हरवर टेकली. स्कूटरचा पांढरा पत्रा मला दिसत होता आणि तोच मोठा मोठा होत होता. पोत्यांजवळ उस्तादांचं तोंड उघडलेलं दिसलं. आणि माझं तोंड पंधरा दिवसांच्या सवयीनं आपलं आपण चालूच होतं: "स्कूटर, आडवी, डावीकडं जागा, जागा, जागा, जागा." तिसऱ्या 'जागा'ला मला जागा दिसली. स्कूटर आणि पोती यांच्या मध्ये, एका गाडीपुरती. पत्र्यावरची नजर तिथं गेली. बोटं सैल झाली. गाडी गेली. माझा उजवा गुडघा दादांच्या स्कूटरच्या आरशाला घासून गेला, डावीकडं पोत्याचा वास आला आणि आम्ही बाहेर होतो, सरळ, उभे.

लांब जाऊन थांबलो. दादा मागं ओरडत होते, कुणाच्या जागेत काय चालवून राहिलात, वगैरे. बायको उतरली. हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि सरळ उस्तादांकडं चालत गेली. मी गाडी स्टँडवर लावून मागून धावलो. ती आता काय करील याचा मला काही अंदाज नव्हता.

उस्ताद तिथंच उभे होते. हनुवटीवरून रक्ताची एक रेघ आली होती. त्यांनी तळहात तोंडाशी नेला आणि त्यात सुपारीचे दोन तुकडे पडले, त्यांच्याबरोबर एक दात.

"वरडला न्हाईत," बायको म्हणाली.

त्यांनी मान हलवली. बोलता येत नव्हतं. तिनं पिशवीतून कापूस काढला, त्यांची हनुवटी धरली आणि नर्स करते तसं दाबून धरायला लावलं. दवाखान्यात जाऊन दाखवा, असंही सांगितलं. मग म्हणाली, "चावी द्या."

आम्ही तिघं फळीपाशी आलो. उस्तादांनी कापूस एका हातानं धरला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी आमची चावी काढली आणि तिच्यापुढं केली.

"ही न्हाई," ती म्हणाली. "ती."

शेवटच्या खिळ्याकडं तिनं बोट केलं. निळा गोंडा तिनं आत आल्या आल्याच बघितला असणार.

उस्ताद म्हणाले, "आनून द्यायचं लई येळा मनात आलं, माय. गल्लीपर्यंत येऊन गेलो. पाय न्हाई उचलले."

"मला म्हाईत हाय. मी खिडकीतून बघितलं तुम्हाला. दोनदा." "त्यानं फोन केला होता मला, शुक्रवारी. ताई, म्हणला, रविवारी ड्यूटी लावून घेऊ नको. दहा फेऱ्या असतात, तुला मागं बसायचंय. दुसरी चावी तुझी."

मेव्हणा शनिवारी गेला होता.

पंधरा दिवस मी समजत होतो की तिनं मला शिकायला पाठवलंय. पाठवलं होतंच. पण तिला स्वतःला त्या सीटवर बसायचं होतं आणि तिथवर यायला तिला दुसरा रस्ता नव्हता. मी तिचा नवरा, एका ताटात जेवणारा, आणि मला हे तिथं, त्या फळीसमोर कळलं. मला माझीच लाज वाटली.

उस्तादांनी ती चावी खिळ्यावरून काढली. जर्सीला पुसली, गोंड्यावरची धूळ फुंकली. मग नेहमीचं वाक्य म्हणायचा प्रयत्न केला, "ही तुमची," आणि त्यापुढचं त्यांना म्हणता आलं नाही. तिनं चावी घेतली, मुठीत धरली आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. ते मागं सरकले. तिनं तरी लावला.

"अन् ही?" त्यांनी आमची चावी दाखवली.

ती त्या रिकाम्या खिळ्याकडं बघत होती.

"ती तिथंच राहू द्या," म्हणाली. "खिळा रिकामा नको."

उस्तादांनी आमची चावी त्या खिळ्याला अडकवली. ती अजून तिथंच आहे. उस्ताद गेल्या वर्षी वारले. पटांगण मात्र दादांनी अजून विकलेलं नाही, आणि हल्ली ते फाटकात स्कूटर उभी करून पायी आत येतात.

त्या दिवशी आम्ही राहिलेल्या तीन फेऱ्या पुऱ्या केल्या आणि तसेच घरी निघालो. मी सवयीनं बोलत होतो, डावीकडं ऑटो, पुढं एसटी, जागा. चौकाच्या अलीकडं मागून तिचं रडणं ऐकू आलं. चार वर्षांत ती माझ्यासमोर रडली नव्हती. माझी बोटं ब्रेककडं गेली.

"थांबू नका," ती मागून म्हणाली. "चालवा."

मी थांबलो नाही.